पाइपावर हात

आप्पा पालिकेत चावीवाले होते,
असल्फ्याच्या टेकडीवर तेहेतीस वर्षं.
रस्त्यातलं झाकण उचलायचं, लांब लोखंडी चावी आत सोडायची,
बावीस आटे उघड, बावीस आटे बंद.
कोणत्या गल्लीला किती, हे वहीत नसायचं,
मनगटात असायचं.

माझी चावी दिसत नाही.
सीप्झच्या तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या गारठ्यात,
मसुराच्या डाळीएवढ्या चौकोनात
ती सेकंदाला पाच कोटी वेळा उघडते, मिटते.
वर बॅटरीचे पावणेचार व्होल्ट,
खाली हवा आहे फक्त पाऊण.
म्हणून पाचातला एक क्षण उघडी, चार क्षण बंद,
आणि मध्ये तांब्याचं वेटोळं,
ज्याला एकदम काहीच खपत नाही.

"पाण्यालाही नाही," आप्पा म्हणाले होते,
"चावी फाडकन मिटली की पाइप आतून लाथ मारतो."
कपाळावरची खूण साकीनाक्याची आहे.

दारं खरं तर दोन आहेत, एक वरचं, एक जमिनीकडचं.
दोन्ही एका वेळी उघडी सापडली
तर बॅटरी सरळ मातीत जाते.
एक मिटल्यावर, दुसरं उघडण्याआधी
जेमतेम एक नॅनोसेकंद
कोणीच काही करायचं नाही.
तो रिकामा नॅनोसेकंद मी चार महिने तासत होते.
जास्त ठेवला तर वाया. कमी ठेवला तर धूर.

मार्चमध्ये अडलं.
प्रोसेसर झोपेतून उठतो आणि हावरटासारखा मागतो,
व्होल्टेज खाली बसतं, मी वर ढकलते,
ते फार वर जातं, मी ओढते,
पडद्यावरची हिरवी रेघ भिंती धरत धरत
घरी निघालेल्या माणसासारखी झोकांड्या खाते.
झरीर दस्तूरने भरपाईचा कपॅसिटर वाढवला.
रेघ सरळ झाली, पण इतकी सुस्त
की प्रोसेसर तोवर उपाशी मेला,
आणि निम्मी चिप त्या एका कपॅसिटरने खाल्ली.

रविवारी जेवताना आप्पांना सांगितलं,
दुसरं बोलायला काही नव्हतं म्हणून.
ते आमटीत भात कालवत होते.
"तू टाकी बघतेस?"
हो.
"टाकी उशिरा सांगते.
आम्ही कुठे टाकीवर चढत होतो?
पाइपावर हात ठेवायचो. धावतंय किती, ते हाताला आधी कळतं."

पुस्तकात हे होतं. सातवा धडा.
मी त्यावर पैकीच्या पैकी गुण घेतले होते.
पण पाइपावर ठेवायचा माझा हात म्हणजे रेझिस्टर,
आणि तो हात स्वतःच पाणी पितो.
म्हणून सोडून दिलं होतं.

मग जूनपर्यंत तोच एक उद्योग:
वेटोळ्याच्या अंगात जो थोडा रोध जन्मापासून आहे,
त्यालाच कान लावायचा.
तिथली कुजबुज मिलिव्होल्टांची,
शेजारी पाच कोटी दारं आपटतात.
झरीर म्हणाला, ऐकू येणार नाही.
तीनदा नाही आलं.

चौथ्या चिपचा बोर्ड मी घरी आणला,
मोबाइलच्या डब्यात, जुन्या बनियनमध्ये गुंडाळून.
भार कमी असला की ती ठोके गाळते,
तेव्हा बोर्डावरचा एक कपॅसिटर बारीक शीळ घालतो.
भाचीने कान झाकले.
आप्पांना ती शीळ आता ऐकू येत नाही.

त्यांनी चष्मा काढला,
तर्जनी चिपवर टेकवली, बराच वेळ.
"कोमट आहे."
सत्त्याऐंशी टक्के पोचतं, आप्पा. इतक्या लहान जागेत.
त्यांनी बोट उचललं नाही.
"आणि तेरा कुठं जातात?"